शंभरातले चौऱ्याऐंशी

आधी कबुली देतो, मग इतिहास सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या विहारात रविवारचा अभ्यासवर्ग होता. विषय संविधानाचं २१ वं कलम, म्हणजे जगण्याचा हक्क. बोलणारा मी. सूतगिरणीत तिसरी पाळी मारून तसाच आलेलो, केसांत कापूस, कानात अजून साच्याचा आवाज. समोर पंधरा-वीस पोरं. माझं बोलून झालं तसं मागनं एक पोरगं उठलं. चांगलं पोरगं, जयंतीला मंडप घालण्यापासनं पत्रावळ्या उचलण्यापर्यंत राबणारं. म्हणालं, "दादा, कलम ठीकाय. पण वस्तीतल्या गर्दुल्ल्यांचं काय करायचं? त्यांना जगण्याचा हक्क, आन् आमी काय करायचं? फिलिपाईन्सच्या त्या अध्यक्षानं केलं तसंच पायजे. दिसला की उडवला. सहा महिन्यांत गल्ली साफ."

पोरांनी टाळ्या पिटल्या. दाराशी बसलेल्या दोन म्हाताऱ्याही म्हणाल्या, "खरंय लेकरा." आणि कबुली ही, की माझेही हात टाळीसाठी जवळ आले होते. आदल्याच आठवड्यात विहाराच्या नळाची पितळी तोटी चोरीला गेली होती. त्याआधी पंचशील झेंड्याचा लोखंडी खांब उपटून कुणीतरी भंगारात घातला होता. कोणी ते सगळ्यांना माहीत. शाळेत सात वर्षं माझ्या बाकावर बसलेला. गिरणीत बदली म्हणून लागला, पुढं बदली मिळेनाशी झाली, मग बटन, मग एमडी. त्याची आई रोज संध्याकाळी त्याला गटाराच्या कडेनं शोधत फिरते.

त्या पोराला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. देता आलं नाही. म्हणून वाचायला बसलो. इंग्रजी माझं कच्चं, डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक पान. जे हाती लागलं ते मांडतो.

त्या अध्यक्षाचं नाव रॉड्रिगो दुतेर्ते. फिलिपाईन्सच्या दक्षिणेला मिंडानाव बेट, त्यावर दावाव नावाचं मोठं शहर. १९८८ मध्ये हा तिथं पहिल्यांदा महापौर झाला आणि वीस वर्षांहून जास्त काळ ती खुर्ची त्याच्याकडंच राहिली. त्याच्या राज्यात दावावमध्ये मोटरसायकलवरनं येऊन माणसं मारणारी टोळी होती. लोक तिला उघड 'दावाव डेथ स्क्वाड' म्हणत. मेलेले कोण, तर भुरटे चोर, पुड्या विकणारे, रस्त्यावर वाढलेली पोरं. २००९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनं यावर अहवाल काढला, आणि त्याच साली तिथल्या मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्षा लैला दे लिमा यांनी जाहीर चौकशी लावली. हाती काही लागलं नाही. त्या बाईंचं नाव लक्षात ठेवा. दावावचे लोक मात्र खूश होते. आमचं शहर सुरक्षित, रात्री बायामाणसं निर्धास्त फिरतात, असं ते अभिमानानं सांगत.

९ मे २०१६ च्या निवडणुकीत हा माणूस देशाचा अध्यक्ष झाला. १ कोटी ६६ लाख मतं, शंभरात ३९. प्रचारात त्यानं काही लपवलं नव्हतं. एक लाख गुन्हेगार मारीन, मनिलाच्या खाडीत फेकीन, तिथले मासे खाऊन माजतील, असं तो सभांतनं बोलायचा आणि सभा हसायची. आता एक गंमत बघा. आपण पटकन म्हणतो, अडाणी गरीब जनता अशा माणसाच्या नादी लागते. निवडणुकीच्या दिवशी मतदारांना विचारून जी पाहणी झाली त्यात त्याला सगळ्यात जास्त टक्के पाठिंबा वरच्या आणि मध्यम वर्गातनं होता. सगळ्यात कमी होता तो अगदी तळातल्या वर्गात. पांढरपेशांनी ही गोष्ट कधी मोठ्यानं सांगितली नाही.

३० जून २०१६ ला शपथ, १ जुलैला पोलीस प्रमुख रोनाल्ड देला रोसा याचं परिपत्रक. मोहिमेचं नाव 'डबल बॅरल', दुनळी बंदूक. एक नळी मोठ्या माशांसाठी, दुसरी लहानांसाठी. लहानांसाठीच्या नळीचं नाव 'टोकहांग'. दक्षिणेकडच्या सेबुआनो बोलीत 'टोकटोक' म्हणजे दार वाजवणं आणि 'हांग्यो' म्हणजे विनवणी करणं. पोलीस दार वाजवणार आणि हात जोडून सांगणार, बाबा नशा सोड. कागदावर एवढंच. कुणाचं दार वाजवायचं याची यादी खालनं यायची. तिथं 'बारांगाय' म्हणून असतं, आपल्या वॉर्डासारखं सगळ्यात खालचं सरकारी एकक. तिथल्या निवडून आलेल्या लोकांनी नावं द्यायची. नाव कसं पडलं, कुणी घातलं, काढायचं कसं, याचा धड नियम नाही. पहिल्या सहा-सात महिन्यांत १० लाखांच्या आसपास माणसं स्वतः होऊन पोलिसांपुढं हजर झाली. त्यांच्याकडनं शपथा घेतल्या, काही ठिकाणी मैदानात गाणी लावून कवायतीसारखा झुंबा नाचवला. आणि यादीतली नावं यादीतच राहिली. हजर झालेल्यातलेही पुढं मेले.

मेले कसे, तर पोलिसांच्या कागदात एकच शब्द. 'नानलाबान'. तागालोग भाषेत म्हणजे 'त्यानं प्रतिकार केला'. दर पंचनाम्यात तेच. त्यानं पिस्तूल काढलं, आम्ही स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली. आपल्याकडच्या एन्काउंटरच्या गोष्टीपेक्षा एका अक्षराचा फरक नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयानं जून २०२० मध्ये अहवाल दिला. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या मेलेल्यांजवळ सापडलेल्या पिस्तुलांचे नंबर एकच निघाले, असं त्यात आहे. म्हंजे पिस्तूल एकच, ते प्रेतामागनं प्रेत फिरत होतं.

सरकारचा स्वतःचा आकडा सहा हजार दोनशेच्या वर आहे. हे फक्त पोलीस कारवाईतले. तोंड बांधून मोटरसायकलवरनं आलेल्यांनी मारलेले, चिकटपट्टी गुंडाळून, पुठ्ठ्यावर 'मी पुड्या विकतो' लिहून फेकलेले, ते वेगळे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या वकिलांनी जुलै २०१६ ते मार्च २०१९ या काळासाठी १२ हजार ते ३० हजार असा अंदाज मांडला.

मरणारा काय घ्यायचा? 'शाबू'. मेथॲम्फेटामाईन, खडीसाखरेसारखे बारीक खडे. ते झोप मारतं, भूक मारतं. जीपनीचे ड्रायव्हर, तीनचाकी सायकल ओढणारे, हमाल, कचरा वेचणारे, ज्यांना एका अंगानं दोन अंगांचं काम करायचं असतं ते घेतात. थायलंडमध्ये याच जातीची गोळी 'याबा'. तिला पूर्वी घोड्याचं औषध म्हणत, ट्रकवाले आणि मजूर खायचे. मला हे वाचून नवल वाटलं नाही. रात्री तीन वाजता रिंगफ्रेमवर डॉफिंग करताना बॉबिन हातात आणि डोळा मिटलेला, अशी वेळ ज्यानं काढलीय त्याला विचारा. आमच्या खात्यात कुणी तंबाखूची चिमूट दर अर्ध्या तासाला बदलतो, कुणी मेडिकलमधनं काहीबाही आणतो. मजा म्हणून कोण खातो तिथं? पाळीला माणसं कमी, साचे तेवढेच. हे मी नशेचं समर्थन म्हणून सांगत नाही. माझ्या बाकावरचा दोस्त डोळ्यांदेखत संपतोय. पण नशा कुठल्या खात्यात जन्मते ते तर बघाल?

आकड्यांचाही खेळ झाला. सरकारच्याच धोकादायक औषध मंडळाची २०१५ ची पाहणी सांगत होती, देशात नशा करणारे १८ लाख. दुतेर्ते म्हणायचा ३० लाख, कधी ४० लाख. मे २०१७ मध्ये मंडळाचा अध्यक्ष पुन्हा १८ लाख म्हणाला, तर त्याला घरी पाठवलं. भीती जेवढी मोठी हवी, तेवढा आकडा मोठा.

आता ज्या आकड्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो सांगतो. मनिलामध्ये सोशल वेदर स्टेशन्स म्हणून संस्था आहे, जनमत मोजते. मोहीम सुरू होऊन तीन महिने झाल्यावर, सप्टेंबर २०१६ मध्ये, तिनं देशभरातल्या १,२०० माणसांना घरी जाऊन विचारलं, या मोहिमेबद्दल समाधानी आहात का? शंभरातले ८४ म्हणाले, हो. नाही म्हणणारे फक्त ८. डिसेंबरमध्ये हो म्हणणारे ८५.

याच सप्टेंबरच्या शेवटी दुतेर्तेनं स्वतःची तुलना हिटलरशी केली. त्यानं ३० लाख ज्यू मारले (खरा आकडा ६० लाखांचा), आपल्याकडं ३० लाख गर्दुल्ले आहेत, त्यांची कत्तल करायला मला आनंद वाटेल, या अर्थाचं बोलला. जगभर बोंब झाल्यावर त्यानं माफी मागितली. ज्यूंची. गर्दुल्ल्यांची नाही. त्यांची माफी मागावी असं त्या ८४ मधल्या कुणाला वाटलं असेल?

हा ८४ चा आकडा पुढं ढालीसारखा वापरला गेला. बाहेरचं कुणी काही विचारलं की उत्तर ठरलेलं, जनता आमच्या पाठीशी आहे. आपल्या त्या पोरानं मोबाईलवर जे बघितलं ते हेच. पण दोस्तहो, सर्व्हे नेहमी पुढचं पानही उलटून वाचावा. त्याच माणसांना, त्याच बैठकीत, दुसरा प्रश्न विचारला होता. संशयिताला जिवंत पकडणं महत्त्वाचं आहे का? शंभरातले ७१ म्हणाले, फार महत्त्वाचं. 'थोडंफार महत्त्वाचं' म्हणणारे धरले तर ९४. आणि डिसेंबरच्या पाहणीत विचारलं, तुम्ही स्वतः किंवा तुमच्या ओळखीचं कुणी असं बेकायदा मारलं जाईल याची काळजी वाटते का? ७८ जण म्हणाले, वाटते.

म्हंजे बघा. मोहीम चांगली म्हणणारे ८५, आणि आपल्याच घरातलं कुणी तीत मरेल म्हणून घाबरणारे ७८. ही दोन वेगळी माणसं नाहीत. बहुतेक एकच माणूस आहे. सकाळी म्हणतो बरं झालं, रात्री पोराला म्हणतो बाहेर जाऊ नको.

जून २०१७ चे प्रश्न तर आणखी टोकदार. श्रीमंत पुडीवाले मारले जात नाहीत, फक्त गरीबच मारले जातात, हे पटतं का? ६० म्हणाले, पटतं. मेलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी खरं तर प्रतिकार केलाच नव्हता? ५४ म्हणाले, हो. मेलेले बरेच जण पुड्या विकणारे नव्हतेच? ४९. लोक आपल्या वैऱ्याचं नाव खोटंच सांगतात, म्हणजे पोलीस त्याला संपवतील? ५०. कुणी कम्युनिस्ट पुढारी हे सांगत नव्हता, कुणी पाद्री सांगत नव्हता. रस्त्यावरची जनता सांगत होती. तिला सगळं ठाऊक होतं. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पल्स एशिया या दुसऱ्या संस्थेच्या पाहणीत मोहिमेला पाठिंबा देणारे ८८ निघाले, बेकायदा खून होतायत असं मानणारे ७३.

हे कसं जमतं? तीन रात्री मी यावर घालवल्या.

एक उत्तर भीतीचं. दार वाजवून यादी करणारे पोलीस, आणि दार वाजवून मत विचारणारा सर्व्हेवाला. झोपडीतल्या बाईनं त्याला काय सांगावं? आपल्या वस्तीत परका माणूस वही घेऊन आला की आपणही 'सगळं ठीक हाय साहेब' म्हणतोच ना. पण भीतीनं सगळं उत्तर मिळत नाही. भीतीच असती तर तीच बाई 'फक्त गरीब मारले जातात' असं कशाला बोलली असती?

दुसरं उत्तर जुनं आहे. १९८६ मध्ये मनिलाच्या एडसा रस्त्यावर लाखो लोक उतरले आणि मार्कोसची हुकूमशाही गेली. लोकशाही आली, सभ्य घराण्यांची. तीस वर्षं झोपडपट्टी झोपडपट्टीच राहिली. मध्ये १९९८ ला गरिबांनी जोसेफ एस्त्रादा नावाच्या सिनेनटाला अध्यक्ष केलं. जानेवारी २००१ मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपावरनं मध्यमवर्ग रस्त्यावर उतरला आणि त्याला घालवलं. त्याला लोकशक्ती म्हटलं गेलं. एप्रिलच्या शेवटी त्याला अटक झाल्यावर गरीब त्याच एडसा रस्त्यावर उतरले, अगदी तेवढ्याच हक्कानं. त्यांना काय म्हटलं गेलं? घाणेरडे, बोळके, भाड्यानं आणलेले, नशेत असलेले. १ मे २००१ ला, कामगार दिनी, त्यांना मारून पांगवलं. लोकशाहीचा सभ्य चेहरा आपला नाही हे ज्यांनी असं शिकून घेतलं, त्यांच्यापुढं पंधरा वर्षांनी एक शिवराळ माणूस आला. तो रस्त्यावरची भाषा बोलतो, राजधानीच्या साहेबांना आई-बहिणीवरनं शिव्या देतो. निकोल कुराटो नावाच्या तिथल्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१६ मध्येच लिहून ठेवलंय की या पाठिंब्यात काळजी आणि आशा दोन्ही आहेत. मला हे पटतं. आमच्या दाराशी बसलेल्या म्हाताऱ्या 'खरंय लेकरा' म्हणाल्या तेव्हा त्यांना रक्त नको होतं. रात्री लघवीला बाहेर जाताना भीती वाटू नये, एवढंच हवं होतं.

तिसरं उत्तर मात्र आपल्याच घरातलं आहे, आणि ते सांगायला जीभ जड होते. तिथले सर्व्हेवाले लोकांना अक्षरं देतात. ए, बी, सी म्हणजे खाऊनपिऊन सुखी. डी म्हणजे गरीब. ई म्हणजे एकदम तळ. वाचताना वाटलं, च्यायला, हे तर ओळखीचं आहे. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता सांगितली ती काय होती? प्रत्येकाला तुडवून घ्यायला वर कुणीतरी आहे आणि तुडवायला खाली कुणीतरी, म्हणून सगळे मिळून उठत नाहीत. डी मधला कष्टाळू गरीब म्हणतो, मी गरीब असेन पण 'आदिक' नाही. आदिक हा तिथला शब्द, आपल्या गर्दुल्ल्यासारखाच. त्या शब्दात माणूस संपतो. नाव नाही, आई नाही, मागची बदली नाही. गर्दुल्ला म्हटलं की आपण एक पायरी वर. ज्यांच्या बापजाद्यांनी हजारो वर्षं तळाची पायरी भोगली त्यांनाही ही पायरी गोड लागते, हे मी त्या रविवारी स्वतःच्या हातांत बघितलं.

जिवाची किंमतही त्या पायऱ्यांनीच ठरली. ऑक्टोबर २०१६ मध्ये एका दक्षिण कोरियन व्यावसायिकाला पोलिसांनी नशाविरोधी कारवाईच्या नावाखाली उचललं आणि पोलीस मुख्यालयाच्या आवारातच मारलं. जानेवारीत हे बाहेर पडलं. ३० जानेवारी २०१७ ला पोलिसांची मोहीम थांबवली. तोवर हजारो झोपडीवाले मेले होते, त्यांच्यासाठी थांबली नव्हती. आठवड्यांतच पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी मे महिन्यात चीनमधनं आलेला सहाशे किलोच्या आसपास शाबू, किंमत ६४० कोटी पेसो, मनिलाच्या कस्टममधनं बिनबोभाट बाहेर पडला आणि मग गोदामात सापडला. त्यावर सिनेटच्या सुनावण्या झाल्या. तिथं कुणी 'नानलाबान' झालं नाही. (१९७३ मध्ये मार्कोसनं एका हेरॉईन बनवणाऱ्याला उघड गोळ्या घालून मारलं होतं. तो निदान कारखानावाला होता.)

१६ ऑगस्ट २०१७. मनिलाला लागून कालोओकान शहर. आदल्या दिवशीच शेजारच्या बुलाकान प्रांतात एका दिवसात ३२ जण मारले गेले होते आणि दुतेर्तेनं त्याचं कौतुक केलं होतं. कालोओकानच्या गल्लीत पोलिसांनी १७ वर्षांच्या किआन देलोस सांतोसला उचललं. शाळेतला पोरगा. आई सौदीला घरकामाला. पोलिसांचा कागद तयार होता, त्यानं गोळी झाडली म्हणून. पण गल्लीतल्या कॅमेऱ्यात पोलीस त्याला दोन्ही बाजूंनी धरून ओढत नेताना दिसले, आणि साक्षीदारांनी सांगितलं की तो गयावया करत होता, सोडा, उद्या माझी परीक्षा आहे. त्याच्या अंत्ययात्रेत हजारो लोक चालले. सप्टेंबरच्या पाहणीत मोहिमेचा आकडा ७७ वर उतरला. दुतेर्तेची स्वतःची लोकप्रियताही घसरली, आणि सगळ्यात जास्त घसरली ती ई वर्गात. जिथं प्रेतं पडत होती तिथं. ऑक्टोबरात पोलिसांना पुन्हा बाजूला केलं, डिसेंबरात पुन्हा आणलं. २९ नोव्हेंबर २०१८ ला तीन पोलिसांना खुनाची शिक्षा झाली. एवढ्या हजारांतली ही पहिली.

इथं गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. जून २०१९ च्या पाहणीत समाधानी पुन्हा ८२. त्याच डिसेंबरात मोहिमेत मानवी हक्कांची पायमल्ली बरीच झाली असं म्हणणारे ७६. पुन्हा तीच जोडी. पोराला 'उद्या परीक्षा आहे' म्हणताना मारलं हे माहीत असलेली जनता, दोन वर्षांत.

लैला दे लिमा तोवर तुरुंगात होत्या. सिनेटमध्ये निवडून आल्यावर त्यांनी २०१६ मध्ये या खुनांची चौकशी सुरू केली, दावावचा एक जुना मारेकरी साक्षीला उभा केला. महिन्यात त्यांना समितीवरनं काढलं. २४ फेब्रुवारी २०१७ ला अटक, आरोप काय तर गर्दच्या धंद्याशी संबंध. जवळजवळ सात वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, जामीन मिळाला आणि जून २०२४ पर्यंत सगळे खटले कोसळले. यादी लिहिणाऱ्याच्या हातात काय ताकद असते ते यात बघा.

आता कुणी म्हणेल, लांबच्या देशाचं काय सांगतो. ६ डिसेंबर २०१९. मी दादरला होतो, चैत्यभूमीच्या रांगेत, शिवाजी पार्काच्या कडेला, पहाटेपासनं. हातात फुलं. सकाळी मोबाईलवर बातमी आली. हैदराबादजवळ एका डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिला जाळल्याच्या गुन्ह्यातले चार संशयित पोलिसांनी पहाटे मारले. लॉरीवरचे ड्रायव्हर-क्लीनर. त्यांनी प्रतिकार केला म्हणे. रांगेत 'बरं झालं, बरं झालं' असं पुढनं मागं सरकत गेलं. एक-दोघांनी जयभीमच्या चालीवर पोलिसांचा जयजयकार केला. हैदराबादकडं लोक पुलावरनं पोलिसांवर फुलं टाकत होते ते आम्ही व्हिडिओत बघितलं. संविधान लिहिणाऱ्याच्या स्मृतिदिनी, त्याच्याच रांगेत, कोर्टाशिवाय मारलेल्यांसाठी टाळ्या. तेव्हा मला त्यात वावगं वाटलं नव्हतं, खरं सांगतो. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाचा अहवाल मे २०२२ मध्ये बाहेर आला. पोलिसांची गोष्ट रचलेली होती, मारायच्याच इराद्यानं गोळ्या झाडल्या होत्या, आणि चारांतले तिघे अल्पवयीन होते. हा अहवाल आला तेव्हा कुठली रांग बोलली नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल बजावलं होतं, ती हुकूमशाहीकडं नेते म्हणून. आपण ते भाषण पाठ करतो आणि समजतो की ते दुसऱ्यांच्या भक्तीबद्दल आहे. शंभरातले ८४ म्हणजे न्याय, असं असतं तर महाडला मोजणी करून बघायची होती. १९२७ मध्ये चवदार तळ्याबद्दल गावात सर्व्हे घेतला असता तर किती टक्के आपल्या बाजूनं आले असते?

आणि यादी. आपल्या वस्तीत बारांगायसारखी यादी करायची ठरली तर ती कोण लिहील? विहारातली पोरं नाही लिहिणार. वॉर्डातला पुढारी, त्याचा माणूस, चौकीतला ओळखीचा हवालदार, हे लिहितील. पहिलं नाव माझ्या दोस्ताचं, मान्य. दुसरं? मागच्या साली पाण्याच्या लाईनवरनं जो भांडला त्याचं. तिसरं, गिरणीत युनियनची पावती फाडणाऱ्याचं. अभ्यासवर्गात उभं राहून बोलणाऱ्या त्या पोराचं नाव पंधराच्या आत येईल.

दुतेर्ते ३० जून २०२२ ला पायउतार झाला. ११ मार्च २०२५ ला हाँगकाँगहून परतताना मनिलाच्या विमानतळावर त्याला आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या वॉरंटवर पकडलं आणि हेगला नेलं. त्याच्या महिनाभर आधीच्या पाहणीत, या खुनांबद्दल त्याला जबाबदार धरावं म्हणणारे ५१, धरू नये म्हणणारे २५. आणि मे २०२५ मध्ये, हेगच्या कोठडीत असतानाच, दावावच्या लोकांनी त्याला भरघोस मतांनी पुन्हा महापौर निवडून दिलं.

मेलेल्यांचं अजून चालूच आहे. मनिलाच्या गरिबांना कबरीची जागा विकत मिळत नाही, भाड्यानं मिळते. खणांवर खण रचलेल्या भिंती असतात, एकेक खण पाच वर्षांच्या भाड्यानं. २०१६ मध्ये मारलेल्यांची मुदत २०२१ मध्ये संपली. भाडं भरलं नाही तर हाडं काढून टाकतात. फ्लावियानो विलानुएवा नावाचे एक पाद्री आहेत, स्वतः कधीकाळी नशेत बुडालेले. ते घरच्यांना घेऊन ही हाडं बाहेर काढतात. रॅकेल फोर्तून या न्यायवैद्यक डॉक्टर बाई ती तपासतात. कवटीला गोळीचं भोक, आणि मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलेलं नैसर्गिक मरण, न्यूमोनिया, अशी प्रकरणं त्यांना सापडली. मग दहन करून रक्षेचा कलश घरच्यांच्या हाती देतात. २०२४ मध्ये कालोओकानच्या ला लोमा दफनभूमीत या कलशांसाठी कायमची जागा झाली, भाड्याशिवाय.

हे सगळं मी पुढच्या रविवारी विहारात वाचून दाखवलं. दीड तास लागला. दोघं झोपले, त्यातला एक माझ्याच पाळीचा. ते पोरगं मात्र शेवटपर्यंत ऐकत होतं. संपल्यावर म्हणालं, "दादा, पटतंय. पण नळाचं काय?"

नळाला वर्गणी काढून नवी तोटी बसवली. प्लॅस्टिकची.